ओटीतली ज्वारी

माझ्या घरात आजवर चोर कधी शिरला नाही. साप दोनदा निघाला, आणि दोन्ही वेळा मालक पलंगावर चढले आणि मी काठी घेऊन पुढे झाले. सांगायचं एवढंच की मी भित्री बाई नाही. तरी गेल्या वर्षी मला माझ्याच स्वयंपाकघरातल्या एका डेऱ्याची भीती वाटायला लागली, आणि ती अजून गेलेली नाही.

डेरा मातीचा, ज्वारीच्या बियाण्याचा. आमचं गाव सांगोल्याच्या पुढे, डाळिंबाच्या बागा संपून काळी जमीन सुरू होते तिथे. या जमिनीत रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. पेरली की देवावर सोडायची, एवढीच तिची शेती. लग्न होऊन आले तेव्हापासून बियाणं राखायचं काम माझ्याकडे आहे. काढणीच्या आधी मी रानाच्या मधोमध जाते, शेजारच्या वाणाची भेसळ नको म्हणून बांधाकडेची उभी ताटं सोडून देते, आणि भरलेली कणसं तेवढी हाताने खुडून आणते. ती वाळवायची, हातानेच चोळायची, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून डेऱ्यात भरायची. चैत्रात एकदा ऊन दाखवायचं आणि मग डेऱ्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. ते फुटतं थेट पेरणीला.

काही वर्षांपूर्वी गावातल्या आम्ही नऊ बायकांनी गट केला. पुण्याचा एक व्यापारी आमची ज्वारी घेतो आणि तिचं पीठ करून परदेशात पाठवतो. बाजारापेक्षा बरा भाव देतो, पोती दारातून उचलतो. त्याची अट एकच, वाण जुना हवा, गावातच राखलेला हवा. कुणाचं बियाणं वेगळं निघू नये म्हणून सगळ्यांचं बियाणं एकाच डेऱ्यातून द्यायचं ठरलं. डेरा अर्थातच माझ्याकडे आला. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. मळ्यातली थोरली जाऊबाई रस्त्यात भेटली तर मी मुद्दाम बियाण्याचा विषय काढायची.

त्या चैत्रात नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. नणंद माझ्यापेक्षा लहान, अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली. तिच्या गावात निम्म्या घरांत कानडी बोलतात; तीही आता रागावली की कानडीतच रागावते. अंगणात मांडव घातला होता, बायका लांबलांबून आल्या होत्या. निघताना तिने माझी ओटी भरली. आमच्यासारखाच तिकडेही ओटीला नव्या ज्वारीचा मान आहे. पाच मुठी ज्वारी, नारळ, खण. ज्वारी बघून मी तिथेच थबकले. दाणा टपोरा, पांढरा, मोत्यासारखा. मी म्हटलं, "वन्सं, ज्वारी लई चांगली पिकलीय की." ती नुसती हसली आणि म्हणाली, "तुमच्यासाटनं राकून ठेवली व्हती, वैनी."

आता आमच्या घरची एक रीत सांगते. लेकीच्या सासरहून आलेलं ओटीचं धान्य आम्ही दळत नाही. ते बियाण्यात टाकतो. लेक ज्या घरी नांदते तिथली बरकत आपल्या रानात यावी, आणि आपलं रान तिला विसरू नये, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांनी तसं केलं, मीही करत आले. घरी आले तेव्हा डेरा उघडाच होता, बियाणं अंगणात उन्हाला पडलं होतं. मी पदर सोडला, पाचही मुठी त्यावर टाकल्या, हाताने सारखं केलं. दुसऱ्या दिवशी सगळं डेऱ्यात भरलं आणि तोंड लिंपलं. लिंपताना मी गुणगुणत होते, हेसुद्धा मला आठवतं. पुढे भाद्रपदात डेरा फोडला आणि नऊ जणींना बियाणं वाटलं.

पीक हुरड्याला आलं तेव्हा सकाळी नणंदेचा फोन आला. मी चुलीपाशी होते.

"वैनी, आवंदा हुरडा कसा हाय?"

"झ्याक हाय. या की खायाला."

"येते की. म्या दिलेली ज्वारी घातली व्हती का बियाण्यात?"

"घातली. पाच मुठी."

"मग बगा तुमी आता! कंपनीच्या प्लाटातली हाय ती. कमी वलीवर बी दाणा भरतोय म्हनं."

मी विचारलं, कुठली कंपनी. मग तिने सगळं सांगितलं, अगदी हौसेने. तिच्या रानाचा एक तुकडा बियाण्याच्या एका कंपनीने चाचणीसाठी भाड्याने घेतला होता. भोवती जाळी होती, पाटी होती. ज्वारीच्या आतला गुण बदलून नवं बी केलं होतं म्हणे. पीक निघाल्यावर माणसं आली, त्यांना हवी ती कणसं मोजून पिशव्यांत भरली, आणि उरलेला ढीग पेटवायला सांगून गाडीत जाऊन बसली. नणंदेला ते बघवेना. "अन्न जाळायचं, वैनी? दाणा भरलेला! माझा हातच हुईना." तिने वरची कणसं पदरात ओढली आणि खालचा कडबा पेटवला. धूर निघाला, माणसं गेली. त्या कणसांची ज्वारी तिने घरात खाल्ली नाही. एवढी चांगली ज्वारी ओटीलाच शोभेल, असं तिला वाटलं.

मी फोन ठेवला. भाकरी तव्यावर करपली होती. मालक म्हणाले, "काय झालं?" मी तवा उतरवला. समोर भिंतीला तो डेरा होता, रिकामा, तोंड फुटलेला. त्यातलं सगळं नऊ जणींच्या रानात उभं होतं.

त्या दिवसापासून मी रानात जाऊन कणसं न्याहाळायला लागले. कुठली आपली, कुठली त्या प्लॉटातली? सगळी सारखी. एकदा एका मुठीत दाणे किती बसतात ते मोजायला बसले. निम्म्यावर आकडा चुकला, म्हणून दाणे कोंबड्यांना टाकले. मग वाटलं, कोंबड्यांना तरी का टाकले? मालक म्हणाले, "आता कोंबड्यांच्या अंड्यातनं जवारी निघनार हाय का?" त्यांना प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एका दुपारी सगळं रान माना टाकून उभं असताना एक ताट तेवढं हिरवंगार दिसलं. कमी ओलीवर दाणा भरणारं! मी ते मुळासकट उपटलं, आणि उपटल्यावर पाय चिखलात गेला. शेजारच्याच्या डाळिंबाची ठिबकची नळी बांधावर फुटली होती. मी त्या चिखलात बसून आधी हसले आणि मग रडले. एवढं चांगलं ताट उगाच मारलं, आणि भीती होती तिथेच राहिली.

ही भीती नुसती मनातली असती तर मी ती गिळली असती. पण संक्रांतीच्या सुमाराला व्यापाऱ्याचा कागद आला. तो दरवर्षी येतो. औषध मारलं नाही, खत कुठलं घातलं, असं लिहून द्यायचं असतं. या वेळी त्यात एक नवी ओळ होती. या ज्वारीच्या बियाण्यात कोणत्याही प्रकारे जनुकीय बदल केलेलं, संपादित केलेलं बियाणं मिसळलेलं नाही, याची हमी. खाली सही बियाणं राखणाऱ्याची. म्हणजे माझी.

व्यापाऱ्याला फोन केला, दुसरंच काही विचारायच्या निमित्ताने. तो म्हणाला, "ताई, आपल्याकडे याचे नियम आता सैल होतायत. पण माझं गिऱ्हाईक तिकडचं आहे. त्यांच्या लेखी हे सगळं एकच. एक पोतं जरी निघालं तरी सगळा माल परत येईल आणि पुढच्या वर्षी ते मला दारात उभं करणार नाहीत." मग म्हणाला, "तुमच्या गटाची मला काळजी नाही. तुमचं बियाणं म्हणजे घरचं." त्याचा तो विश्वास मला शिवीसारखा लागला.

सोलापुरात एक तपासणीची जागा आहे, तिथे काम करणारा एक माणूस आमच्या गावचा जावई. मी पिशवीत कणसं घेऊन एसटीने गेले. सगळं मात्र खरं सांगितलं नाही. म्हटलं, असं मिसळलं असेल तर कळतं का? तो हुशार, शांत माणूस. त्याने मला कळेल असं सांगितलं. "मावशी, हरिपाठाची पोथी घ्या. त्यात दुसऱ्या पोथीचं पान चिकटवलं तर आम्हाला लगेच दिसतं. जुन्या तऱ्हेच्या बदललेल्या बियाण्यात तसं असतं. या नव्या तऱ्हेत बाहेरचं पान नाही. आतलंच एखादं अक्षर बदललेलं असतं, आणि असं अक्षर निसर्गातही आपोआप बदलतं. कुठलं अक्षर ते कंपनीने सांगितलं, तर शोधता येईल. नाहीतर अख्ख्या पोथीत काय शोधणार?"

मी विचारलं, "मग मिसळलेलं न्हाय, असं कुणी सांगू शकतं का?"

"तेही नाही सांगता येणार."

मग तो म्हणाला, "मावशी, हे बी वाईट नसतं. आपल्यासारख्या कोरडवाहूला उद्या असंच बी लागेल." ते खरंही असेल. पावसाने पाठ फिरवली की काय होतं ते मी पाहिलं आहे. माझं त्या बियाण्याशी भांडण नव्हतं. ते चोरपावलांनी, माझ्याच पदरातून, माझ्याच हाताने घरात आलं होतं, आणि आता ते आहे की नाही हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं. येताना एसटीत पिशवी मांडीवर होती. शेजारची बाई म्हणाली, "हुरडा हाय व्हय?" मी पिशवीचं तोंड घट्ट धरलं.

कंपनीला विचारायचं म्हणजे नणंदेने कणसं पळवली हे सांगायचं. मी तिला फोनवर एवढंच म्हटलं की विचारून बघू का. तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वैनी, आमच्या मालकानं सही दिलीय, सगळं जाळलं म्हनून. पाया पडते तुमच्या. त्येंना बी ठाव न्हाय." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तिच्या घरात एक सही होती आणि माझ्या घरात एक. दोन्ही सह्यांच्या मधे पाच मुठी ज्वारी.

मालक म्हणाले, "कर की सही. कुनाला कळनार हाय? मशीनला बी कळत न्हाय म्हनतीस."

तोच तर घोर होता. कळलं असतं तर बरं झालं असतं. चोर सापडला की माणूस निवांत झोपतो. इथे मी सही केली तर दरवर्षी करावी लागणार, आणि दरवर्षी पोतं दारातून हललं की पुढचे सहा महिने फोन वाजला तरी काळजात धस्स होणार. कागद आठ दिवस देवघरात पडून होता. मी रोज पूजा करताना तो बाजूला सारायचे, रोज पुन्हा होता तिथेच ठेवायचे. एकदा पेन हातात घेतलं. नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि पुढे हात चालेना. ते एक अक्षर त्या कागदावर अजून आहे.

शेवटी मी गटाच्या बायकांना घरी बोलावलं. चहा दिला, कारण चहा न देता हे सांगायची माझी छाती नव्हती. नणंदेचं नाव घेणार नाही असं ठरवलं होतं, पण ओटी म्हटल्यावर कुणाची ते सगळ्यांनाच कळलं. कपातला चहा तसाच राहिला. मग माझी थोरली जाऊबाई, जिच्यासमोर मी एवढा मिरवत होते, ती म्हणाली, "म्हंजे समद्यांच्या रानात तुज्या हातानं गेलंय."

"व्हय," मी म्हटलं.

"आनि न्हाय बी गेलं आसंल."

"व्हय. ते बी खरं."

एकजण चिडली. तिने या पिकाच्या भरवशावर लेकीचं लग्न धरलं होतं. "कशापायी सांगितलं? गप बसायचं व्हतं की! आता आमी खोटं बोलायचं का खरं, ते बी तूच ठरीवलंस." तिचं बरोबरच होतं. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून मी ते बाकीच्या आठ जणींच्या डोक्यावर ठेवलं होतं. मी रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला समजावलं असतं, आणि ते मला नको होतं.

जाऊबाईच उठली. म्हणाली, "खोटी सही करायची न्हाय. एकदा केली की मग हितं येकमेकीकडं बगायचं कसं?" एवढं बोलून चपला घातल्या आणि गेली. मी कागदावर, हमीच्या ओळीसमोर लिहिलं, खात्री देता येत नाही. व्यापारी भला माणूस. त्याने आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाला, "ताई, हे लिहिल्यावर मला माल घेता येणार नाही." ज्वारी सोलापूरच्या आडतीत गेली आणि इतर ज्वारीत मिसळली. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही. त्या लग्नाची तारीख एक वर्ष पुढे गेली. ती बाई आजही मला बघून रस्ता बदलते.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पुढच्या पेरणीला बियाणं कुठलं? प्रत्येकीने आपापलं राखलेलं बियाणं कधीच माझ्या डेऱ्यात ओतलं होतं. वेगळं कुणाकडेच उरलं नव्हतं. एकत्र राखलं म्हणजे सुरक्षित, असं आम्हाला वाटलं होतं. आता दुकानातून पिशवी आणायची, यंदाही, पुढच्या वर्षीही. त्या पिशवीत काय असतं ते आम्हाला माहीत नाही, पण पिशवीवर लिहिलेलं असतं. आमच्या डेऱ्यावर कधी काही लिहिलेलं नव्हतं.

त्या हंगामातली कणसं मी तरीही खुडली. सवयीने हात गेला. चोळली, राख घातली, डेऱ्यात भरली, तोंड लिंपलं. मालक म्हणाले, "हे कशाला आता?" मला जाळवेना. त्या दिवशी मला नणंद पुरती कळली. उरलेल्या ज्वारीची भाकरी केली, ती मऊ झाली, पापुद्रा छान सुटला. मालकांनी एक जास्त खाल्ली. भाकरी बिघडली असती तर मला एवढं भ्या वाटलं नसतं.

चैत्रात गावच्या जत्रेला नणंद आली. सोबत सून आणि तिचं नऊ-दहा महिन्यांचं बाळ. त्याच डोहाळजेवणातलं बाळ. मी त्याला मांडीवर घेतलं, काजळाची तीट लावली. ज्वारीचा विषय आम्ही दोघींनी काढला नाही. दोन दिवस पुरणावरून, पाळण्यावरून, उन्हावरून बोलत राहिलो. ती स्वयंपाकघरात आली की डेऱ्याकडे पाठ करून बसायची.

निघायच्या सकाळी मी पाट मांडला. तिला कुंकू लावलं. ती पदर पसरून बसली. दरवर्षी मी याच जागी बसून डेऱ्याशेजारच्या कणगीतली ज्वारी सुपात घेते. या वेळी सूप रिकामं होतं. मी फळीवरून तांदळाचं लहान पाकीट काढलं, आदल्या दिवशी सांगोल्याहून आणलेलं. कात्रीने कोपरा कापला. तो आवाज तेवढा मोठा नसतो, पण त्या खोलीत तो खूप मोठा झाला.

ती पाकिटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरची जवारी संपली व्हय, वैनी?"

"संपली," मी म्हटलं. भरलेली कणगी तिच्या समोरच होती.

पहिली मूठ पदरात पडली. दुसरी पडली. सून बाहेर बाळाला घेऊन उभी होती. नणंद दाराकडे बघून अगदी बारीक आवाजात बोलली.

"त्या दिशी मांडवात लई बायका व्हत्या, वैनी. तिकडल्या, कर्नाटकातल्या. समद्यांची ओटी म्याच भरली. त्याच ज्वारीनं." तिने पदरातले तांदूळ बोटांनी सारखे केले. "कुनी दळून खाल्ली, कुनी पेरली, ठाव न्हाय. कुनालाच सांगितलं न्हाय म्या. लई भ्या वाटतंय."

माझी मूठ पाकिटातच राहिली. इतके दिवस मी नऊ रानं धरून बसले होते. तिने पसरलेला पदर किती लांब गेला होता, ते मला त्या क्षणी दिसलं. मी म्हटलं, "पदर नीट धरा, वन्सं, सांडंल." तिसरी मूठ, चौथी, पाचवी टाकली. वर नारळ ठेवला.

तिने पदराला गाठ मारली आणि मला वाकून नमस्कार केला. रिकामं पाकीट माझ्या हातात होतं. त्याच्यावर कुठल्याशा गावाचं नाव छापलं होतं, आम्ही दोघींनी कधी न ऐकलेलं. त्याखाली ठळक अक्षरांत शुद्धतेची हमी होती, आणि हमीच्या खाली कुणाची तरी सही.